गायकाची खुर्ची रिकामी ठेवताना: सांगली-मिरजेत वाद्यांचा सोल अल्बम कसा ध्वनिमुद्रित करावा

सांगली-मिरजेच्या पंचक्रोशीत वाद्य वाजवणाऱ्या माणसांची वानवा नाही. वरातीच्या बँडमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिओनेट वाजवणारे, गणेशोत्सवात बेंजो पार्टीबरोबर रात्र रात्र रस्त्यावर असणारे, ऑर्केस्ट्रात दोन कीबोर्ड एकदम सांभाळणारे आणि भजनी मंडळातले पेटीवाले मोजायला बसले, तर गल्लीगणिक एक तरी निघेल. मिरजेत तर सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या पिढ्याच आहेत आणि त्या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही यांतल्या बहुतेकांना आपले वाद्य ‘साथीचे’ आहे असेच वाटत आलेले असते. गायक आला नाही तर कार्यक्रम रद्द, हा हिशेब अंगवळणी पडलेला आहे. प्रस्तुत लेख चार ते सात वादकांनी मिळून इन्स्ट्रुमेंटल सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल या गायनप्रधान संगीताचा केवळ वाद्यांवर वाजवलेला, दहा ट्रॅकचा अल्बम कसा ध्वनिमुद्रित करावा, याविषयी आहे. मी बास गिटार वाजवतो आणि असे दोन अल्बम करण्यात माझा हात होता. त्यांतला पहिला साफ फसला, त्यामुळे पुढील सूचनांपैकी निम्म्या त्या फसण्यातून आलेल्या आहेत.

या संगीताची घडण समजण्यासाठी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९६२ साली काय घडले, ते ध्यानात घ्यावे. मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या सिनेमागृहात जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ थाटला होता. तिथे गायकांना साथ करण्यासाठी येणारे चार वादक, म्हणजे ऑर्गनवर सतरा वर्षांचा बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर, एका गायकासाठी राखलेल्या वेळात मोकळे सापडले आणि आपल्यापुरते वाजवत बसले. स्टुअर्ट यांनी ते टेपवर घेतले. त्या बैठकीतून ‘ग्रीन ओनियन्स’, म्हणजे आपल्या भाषेत कांद्याची पात, हा ट्रॅक निघाला. तो रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकावा, असा सुरुवातीचा बेत होता, आणि पुढे गाजला तो तोच. चौघांचे नाव पडले बुकर टी. अँड द एमजीज, आणि त्याच वर्षी ‘ग्रीन ओनियन्स’ याच नावाचा त्यांचा बारा ट्रॅकचा अल्बमही आला.

त्या ट्रॅकमध्ये साथ करणाऱ्यांनी गायकाच्या खुर्चीत कोणालाच कायमचे बसवलेले नाही. ऑर्गन बोलतो, थांबतो. गिटार चार सणसणीत घाव घालते आणि बाजूला होते. बास आणि ड्रम आपापल्या जागेवरून हलत नाहीत. आपल्याकडे गायकाने सुंदर ‘जागा’ घेतली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. इथे जागा सोडणाऱ्याचे कौतुक करावे लागते. पुढची प्रत्येक पायरी, मग ती खोलीची असो, मायक्रोफोनची असो की मानधनाची, या एका गोष्टीला धरून आहे.

माणसे आणि महिना

ड्रम, बास, ऑर्गन आणि गिटार हे चार खांब घ्यावेत. त्यांवर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन अशी दोन फुंकवाद्ये, आणि हवा असल्यास एक खंजिरीवाला. सातांपलीकडे जाऊ नये, कारण आठवा माणूस आला की कोणीतरी हौसेने कोरा कोपरा भरतोच. निवड करताना कौशल्यापेक्षा संयम पाहावा. ड्रमवाल्याला फक्त बासड्रम, स्नेअर आणि हायहॅट देऊन पाच मिनिटे एकच ठेका धरायला सांगावे आणि मध्ये एकही भरणा, एकही रोल करू नये अशी अट घालावी. ऑक्टोपॅडवर वर्षानुवर्षे हात चालवलेल्या मोठमोठ्या वादकांची दुसऱ्याच मिनिटाला चुळबुळ सुरू होते. जो पाच मिनिटे टिकतो आणि ज्याचा ठेका पाचव्या मिनिटाला पहिल्यापेक्षा चढलेला नसतो, तो आपला माणूस समजावा.

तारखा पौष महिन्यातल्या धराव्यात. लग्नसराईत बँडवाले हाती लागत नाहीत, गणपती-नवरात्रात बेंजोवाले लागत नाहीत. पौषात मुहूर्त नसल्याने सगळे घरी असतात. शिवाय पत्र्यावर पाऊस वाजत नाही आणि पंखा लावावा लागत नाही. एकच अडचण राहते, ती म्हणजे ऊस. डिसेंबर-जानेवारीत कारखाने जोरात असतात आणि उसाचे ट्रॅक्टर रात्रभर मोठमोठ्या स्पीकरवर गाणी लावून रस्त्याने जातात. आमच्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी एक चांगला जमलेला टेक, म्हणजे सलग वाजवून घेतलेले एक ध्वनिमुद्रण, शेवटच्या आठ मात्रांत अशाच एका ट्रॅक्टरने घालवला. नंतर ऐकताना लक्षात आले की ट्रॅक्टरवरच्या गाण्याची लय आमच्यापेक्षा पक्की होती. त्यानंतर आम्ही दुपारी तीन ते रात्री नऊ हीच वेळ ठरवून टाकली.

चाल बांधणे

तबल्याच्या एकलवादनाला ज्याने पेटीवर तासभर लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी एकच चाल, धरला आहे, त्याला बासचे काम वेगळे शिकवावे लागत नाही. लेहरा सजत नाही, बदलत नाही, समेवर बिनचूक येतो, आणि तो तसा येतो म्हणूनच तबलजी वाटेल तिकडे हिंडून परत येऊ शकतो. सोलमधली बासची ओळ हे नेमके तेच काम करते. म्हणून ट्रॅकची सुरुवात गाण्याच्या चालीपासून न करता बासच्या दोन किंवा चार खंडांच्या (बारच्या) ओळीपासून करावी. ती ओळ दहा मिनिटे वाजवून पाहावी. दहाव्या मिनिटाला कंटाळा आला, तर ती ओळ टाकून द्यावी. तिला नटवून वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

पहिल्या दोन-तीन ट्रॅकसाठी ब्लूज या जुन्या अमेरिकन संगीतातला बारा बारचा, म्हणजे बारा खंडांचा, साचा सोयीचा पडतो, आणि ‘ग्रीन ओनियन्स’ही त्याच साच्यात आहे. चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन होते. पहिले चार खंड षड्जावर, पुढचे दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत असे एक आवर्तन ३२ सेकंदांत पूर्ण होते, त्यामुळे पाच आवर्तनांत दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा ट्रॅक तयार होतो, आणि या संगीतात तेवढे पुरते. पाच आवर्तनांची वाटणी कागदावर लिहावी: पहिल्यात ऑर्गनने मुख्य चाल सांगावी, दुसऱ्यात त्याच चालीला गिटारने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टोचण द्यावे, तिसऱ्यात खुर्ची गिटारला द्यावी, चौथ्यात निम्म्यापर्यंत केवळ बास आणि ड्रम उरावेत, आणि पाचव्यात सर्वांनी चालीवर परतावे. चौथ्या आवर्तनातली ती २४ मात्रांची उघडी जागा तालमीत सर्वांना अवघडल्यासारखी वाटते आणि कोणीतरी हळूच तिथे काहीतरी वाजवून पाहतो. तिथे कडक राहावे.

स्नेअरचा आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, ही गोष्ट ऐकून सर्वांना ठाऊक असते, पण हाताला ठाऊक नसते. समेवर वजन टाकण्याची आपली सवय जुनी आहे. त्यासाठी एक आठवडा ड्रम न वापरता, बासवाल्याने ओळ धरावी आणि उरलेल्यांनी केवळ दोन आणि चारवर टाळ्या वाजवाव्यात, तेही बोलत-हसत, कारण लक्ष देऊन वाजवलेली टाळी नेहमी जरा लवकर पडते.

सूर ठरवताना फुंकवाद्यांना आधी विचारावे. पेटीवाले काळी एक किंवा पांढरी दोनचा आग्रह धरतात आणि गिटारवाल्यांना पांढरी तीन, म्हणजे ई, आवडते. परंतु ट्रम्पेट हे काळी पाचचे, म्हणजे बी फ्लॅटचे, वाद्य आहे आणि आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचे, म्हणजे ई फ्लॅटचे. ई मध्ये वाजवायला लावले तर दोघांनाही तीव्र (शार्प) स्वरांची इतकी गर्दी होते की लक्ष बोटांत अडकते आणि लय सुटते. पांढरी चार, म्हणजे एफ, हा सर्वांना परवडणारा मध्यममार्ग आहे: ट्रम्पेटवाला त्याच्या बोटांनी जी वाजवतो, आल्टोवाला डी वाजवतो, आणि ऑर्गनला काहीच फरक पडत नाही. ‘ग्रीन ओनियन्स’ एफ मायनरमध्येच आहे.

अल्बममध्ये दुसऱ्याच्या चाली घ्याव्यात का, हा प्रश्न तालमीच्या पहिल्याच दिवशी निघतो. एमजीजच्या पहिल्या अल्बममधले बहुतेक ट्रॅक इतरांच्या गाण्यांचेच होते, परंतु आपल्याला भारताच्या कॉपीराइट कायद्याचा विचार करावा लागतो. कलम ३१सीनुसार मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, त्याच्या अखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय कव्हर, म्हणजे त्याच गाण्याचे आपले नवे ध्वनिमुद्रण, काढता येत नाही, आणि रॉयल्टी सर्वसाधारणपणे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने आगाऊ भरावी लागते. चार मित्रांच्या अल्बमला हे झेपणारे नाही. तेव्हा हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर हक्क संपलेल्या चालींकडे वळावे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचनेवरचा हक्क संपतो. आपल्या हरिपूरला जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या नाटकांतल्या पदांच्या मूळ चाली मोकळ्या आहेत. मात्र त्याच पदाला नंतर कोणी नवी चाल दिली असेल, तर ती त्या संगीतकाराची. आम्ही असे एक पद संथ लयीत, ट्रम्पेटवर घेतले. ताना सगळ्या गाळल्या आणि केवळ मुखड्याचे स्वर ठेवले, तेव्हा ते पद आहे हे ऐकणाऱ्याला दुसऱ्या कडव्यापर्यंत उमगत नाही, आणि उमगले की माणूस हसतो.

जागा आणि वीज

महागडा स्टुडिओ तीन दिवस परवडत नाही, आणि परवडला तरी तिथल्या छोट्या खोल्यांत माणसे काचेआड विखुरतात. आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला असलेले हळदीचे एक गोडाऊन घेतले. गोडाऊन निवडताना मध्यभागी उभे राहून एक सणसणीत टाळी वाजवावी. टाळीनंतर पारव्याने पंख झाडल्यासारखी फडफड ऐकू आली, तर समोरासमोरच्या सरळ भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालत आहे, असे समजावे. स्टॅक्सच्या सिनेमागृहातली उतरती जमीन तशीच ठेवलेली होती आणि त्यामुळे जमीन व छत समांतर नव्हते. तिथल्या आवाजाला जो मोकळेपणा आहे, त्यात या उताराचाही वाटा आहे. आपल्याला गोडाऊन तिरके करता येत नाही, परंतु पोती तिरकी रचता येतात. हळदीच्या भरल्या पोत्यांची छातीएवढी थप्पी दोन कोपऱ्यांत आडवी-तिडवी लावली आणि मागच्या भिंतीवर दोरी बांधून सहा वाकळा सोडल्या, तेव्हा ती फडफड गेली. हळदीची धूळ मात्र नाकात जाते. आमच्या ट्रम्पेटवाल्याने पहिला दिवस शिंकण्यात घालवला, म्हणून थप्पीवर आदल्या दिवशीच चादर टाकावी.

सर्वांनी तीन-चार मीटरच्या वर्तुळात, एकमेकांची तोंडे दिसतील असे बसावे. आवाजाला एक मीटर अंतर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दहा मीटरवर बसलेल्या माणसाला ठेका तीस मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि मग बास मागे पडतोय की ड्रम पुढे पळतोय यावरून भांडणे होतात. जवळ बसल्यावर ॲम्प्लिफायर हळू ठेवता येतात आणि हेडफोनची गरज उरत नाही.

विजेसाठी सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून, एकाच अर्थिंगवर घ्यावीत. वेगवेगळ्या प्लगमधून घेतल्यास घूंऽऽ असा जो आवाज येतो, तो नंतर काढता येत नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद कराव्यात आणि मोबाइल एका पिशवीत घालून बाहेर ठेवावेत.

एकेका वाद्याचा आवाज

ड्रमवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बाकी सारे त्याच्यावर उभे असते. बासड्रममध्ये एक उशी घालावी. स्नेअरची टणटण हा खरा त्रास असतो. आमच्या सातव्या ट्रॅकला स्नेअर इतकी वाजत राहायची की ऑर्गनचा शेवटचा स्वर तिच्याखाली बुडत होता. ड्रमवाल्याने रुमालाची घडी ठेवून पाहिली. आवाज मेला, पण फारच मेला. मग त्याने खिशातले पैशांचे पाकीट काढून कातड्याच्या कडेला, काठापासून दोन बोटे आत ठेवले. काठी पडली की पाकीट कणभर उडायचे, आणि पुन्हा बसताना टणटण दाबून टाकायचे. आघात भरीव झाला आणि शेपूट गेले. त्यानंतर प्रत्येक ट्रॅकला त्या पाकिटाची जागा खडूने आखून ठेवली. त्यातले पैसे काढून पाहिले तेव्हा आवाज बदलला, म्हणून ते पुन्हा आत ठेवावे लागले.

बासला सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, तारा लावाव्यात आणि ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी सरकवावी. स्वर लांबत नाही, ठोक्यासारखा पडतो. नव्या तारांची चकाकी या संगीताला मानवत नाही; दोन वर्षे न बदललेल्या तारा सापडल्या तर नशीब समजावे.

हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन सांगलीत मिळण्याची आशा नको. ‘ग्रीन ओनियन्स’वरचा ऑर्गन हॅमंडचा एम-३ हा लहान नमुना होता. आपल्याकडच्या चांगल्या कीबोर्डमध्ये ड्रॉबार ऑर्गनचा आवाज असतो. त्यातल्या, आवाजाचे थर कमी-जास्त करणाऱ्या नऊ दांड्यांपैकी (ड्रॉबारपैकी) पहिल्या तीन पूर्ण बाहेर काढाव्यात, बाकी आत ठेवाव्यात आणि फिरत्या स्पीकरचा परिणाम संथ गतीवर ठेवावा. तंतुवाद्यांचा आणि कोरसचा आवाज देणारी बटणे चिकटपट्टीने झाकून टाकावीत, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि संगीत नाटकाच्या काळातला पायाने भाता मारायचा ऑर्गन एखाद्या हौशी मंडळाकडे किंवा वाड्यात पडून असतो. तो मिळाला तर दोन ट्रॅक त्यावर जरूर घ्यावेत. त्याचा आवाज हॅमंडसारखा नसतो, पण त्याला श्वास असतो. मात्र अशा जुन्या वाद्याचा सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी जुळेलच असे नाही. त्याला सूर देता येत नाही, त्याचाच सूर घ्यावा लागतो. म्हणून गिटार आणि बास त्याच्याशी मिळवावेत आणि ट्रम्पेटची नळी थोडी आत-बाहेर करून जुळते का ते तालमीतच पाहावे. जुळत नसेल तर त्या ट्रॅकमध्ये फुंकवाद्ये घेऊ नयेत.

गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आवाज किती फोडावा, याचे माप मिरजेच्या कारागिराकडून घ्यावे. सतारीच्या घोडीवर जवारी, म्हणजे स्वराला झंकार देणारा उतार, काढताना तो घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. जवारी फार उघडली तर स्वर पसरतो आणि फार बंद ठेवली तर मुका होतो. ॲम्प्लिफायरचेही तसेच करावे. हलक्या हाताने छेडल्यावर स्वच्छ आणि जोराने छेडल्यावर किंचित खरखरता, अशा टोकावर बटण आणून सोडावे, म्हणजे किती खरखर हवी हे पुढे हातच ठरवतो.

मायक्रोफोन आणि टेक

मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारा आठ इनपुटचा इंटरफेस पुरेसा होतो. ड्रमच्या वर सुमारे एक मीटरवर एक मायक्रोफोन आणि बासड्रमसमोर वीतभर अंतरावर दुसरा. बास डीआय बॉक्समधून, म्हणजे मायक्रोफोनशिवाय तारेनेच, थेट. गिटारला एक, ऑर्गनला एक. दोन्ही फुंकवाद्यांना मिळून एकच, आणि आठपैकी उरलेल्यांतला एक दूर, पोत्यांच्या थप्पीवर, संपूर्ण खोलीसाठी. ट्रम्पेट मोठा वाटला तर नॉब फिरवू नये, ट्रम्पेटवाल्याला एक पाऊल मागे घ्यावे. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरणारच, त्याला घाबरू नये. केवळ तिप्पट अंतराचा नियम पाळावा, म्हणजे गिटारचा मायक्रोफोन ॲम्प्लिफायरपासून २० सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा मायक्रोफोन त्याच्यापासून किमान ६० सेंटिमीटर दूर असावा. २४ बिटवर घ्यावे आणि सर्वांत मोठा आघात उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतपतच पातळी ठेवावी.

आमचा पहिला अल्बम फसला तो नेमका इथे. उत्तम यंत्रे असलेल्या एका स्टुडिओत अकरा दिवस, एकेका वादकाने कानात मेट्रोनोमची टिकटिक घेऊन आपापला भाग एकट्याने वाजवला. दोष स्टुडिओचा नव्हता, आम्हीच तसे मागितले होते. ऐकायला बसलो तेव्हा एकही चूक सापडेना, आणि दुसऱ्या ट्रॅकनंतर कोणाला पुढे ऐकवेना. ऑर्गनवाला जिथे थांबला होता, तिथे गिटारवाला थांबला नव्हता, कारण तो थांबणार आहे हे त्याला दिसलेच नव्हते. जागा सोडायची तर ती कोणासाठी सोडतो आहोत हे समोर दिसावे लागते. दुसऱ्या अल्बमचे दहा ट्रॅक आम्ही एकत्र बसून तीन दिवसांत घेतले.

मेट्रोनोम केवळ सुरुवातीची लय ठरवण्यासाठी वापरावा आणि बंद करावा. एका ट्रॅकचे सलग तीनच टेक घ्यावेत. जमला नाही तर चहा घेऊन दुसऱ्या ट्रॅककडे वळावे आणि संध्याकाळी परत यावे. चौथ्या टेकपासून माणसे चुका टाळण्यासाठी वाजवू लागतात. टेक निवडताना आधी फक्त बास आणि ड्रम ऐकावेत, कारण ट्रम्पेटचा एखादा स्वर फाटला तर चालतो, ठेका घसरलेला चालत नाही. बाकी सर्व झाल्यावर वरून खंजिरी किंवा टाळ्या घ्याव्यात, पण एका ट्रॅकमध्ये दोहोंपैकी एकच.

मिश्रण, क्रम आणि बाहेर काढणे

मिश्रण करताना दोन्ही स्पीकर एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, काम करावे आणि अखेरीस वाद्ये डावी-उजवीकडे सरकवावीत. घुमारा हवा असेल तर संगणकातल्या तयार घुमाऱ्यापेक्षा गच्चीवरची रिकामी सिमेंटची टाकी वापरून पाहावी: आत एक लहान स्पीकर आणि एक मायक्रोफोन ठेवायचा, ऑर्गन आणि ट्रम्पेट तेवढे त्या स्पीकरवर वाजवायचे आणि परतणारा आवाज मूळ आवाजात चवीपुरता मिसळायचा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी याच कामासाठी माळा वापरला होता. आमच्यातल्या एकाने हरिपूरच्या हळदीच्या पेवात स्पीकर सोडण्याची टूम काढली होती. तिला बळी पडू नये. पेवाच्या मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, आणि बंद पेवात प्राणवायू नसतो. त्यात उतरून माणसे दगावलेली आहेत.

ट्रॅकचा क्रम रेकॉर्डच्या दोन बाजूंप्रमाणे लावावा, जरी रेकॉर्ड छापायची नसली तरी. एका बाजूला साधारण वीस मिनिटे चांगला आवाज मावतो, त्या मापात पाच ट्रॅक सहज बसतात. पहिल्या बाजूचा शेवट संथ ट्रॅकने करावा, दुसरीची सुरुवात बासच्या एकट्या ओळीने. सलग दोन ट्रॅक एकाच सुरात ठेवू नयेत. सगळाच अल्बम पांढरी चारमध्ये झाला असेल, तर हे फार उशिरा कळते.

मास्टरिंग, म्हणजे मिश्रणावरचा शेवटचा हात, करणाऱ्याला आवाज चेपून मोठा करू नका, असे लेखी सांगावे; मोठ्या स्ट्रीमिंग सेवा उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचे माप) आसपास सर्वांचा आवाज सारखा करतात, त्यामुळे चेपून हाती काही लागत नाही. प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय, क्रमांक घ्यावा आणि वाटपाचा कागद रेकॉर्डिंगच्या आधीच करावा. चाल कोणी सुचवली हे आठवत बसण्यापेक्षा सर्व वादकांत समान वाटा ठेवावा, कारण चौथ्या आवर्तनात जो गप्प बसला, त्याचेही ते काम आहे. मुखपृष्ठावर कोणाचाही फोटो मोठा टाकू नये.

शेवटची प्रत मंजूर करण्यापूर्वी ती तीन ठिकाणी ऐकावी: चांगल्या हेडफोनवर, गाडीत, आणि चहाच्या टपरीवरच्या लहानशा ब्लूटूथ स्पीकरवर, समोर स्टोव्ह फरफरत असताना. टपरीवर बासची ओळ गुणगुणता येण्याइतकी ऐकू आली नाही, तर बासचा आवाज सरसकट वाढवू नये. त्याच्या ७०० ते ९०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन डेसिबल द्यावेत, ऑर्गनचे तेवढेच त्या पट्ट्यातून काढावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर पुन्हा जावे.